डबा रिकामाच परत द्यावा

फ्रीजमध्ये वाट्या साठतात ना, कालची उसळ, परवाची चटणी, कोणी खात नाही आणि टाकवतही नाही, तसे आमच्या मंडळात किस्से साठलेत. चार जणी जमल्या की कोणीतरी म्हणतं, "ती शेळीची गोष्ट सांग गं," आणि मग उठायचं नाव नको. हसून हसून पोट दुखतं. घरी येऊन पाय धुताना मात्र उगाच वाईट वाटत राहतं. का वाटतं ते मला नीट सांगता येत नाही, म्हणून आपले किस्सेच सांगते.

आधी मंडळाची ओळख. देवळाली प्रवरात घरोघरी एकच तऱ्हा झालीय. पोरं पुण्याला, ऊस शेतात आणि म्हातारी माणसं घरात. निकम सर हेडमास्तर म्हणून रिटायर झाले आणि त्यांना स्वस्थ बसवेना, म्हणून त्यांनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दुपारचा डबा पोचवायचं काढलं. स्वयंपाक शकूमावशीचा. गळ्यात तुळशीची माळ, हाताला चव आणि जिभेला धार. जागा मंगल कार्यालयाच्या मागच्या स्वयंपाकघराची, मालकानं तशीच वापरायला दिलेली.

डबे पोचवणाऱ्या आम्ही दोघी. स्कूटी चालवते ती मी, सुमन, एरवी ब्लाउज शिवणारी. मागे मांडीवर पिशव्या घेऊन मार्थाबाई, ज्यांनी प्राथमिक शाळेत निम्म्या गावाला पाढे शिकवले. रविवारी त्यांचं चर्च सुटेपर्यंत डबे थांबतात. शकूमावशी त्याबद्दल कधी तक्रार करत नाही. बाकी सगळ्याबद्दल करते.

*

काशिनाथअण्णा एसटीत ड्रायव्हर होते. डबा हातात आला की दारातच उघडायचे, बोट बुडवून चाखायचे आणि म्हणायचे, "मीठ कमी हाय."

रोज. भाजी कुठलीही असो.

आम्ही शकूमावशीला सांगितलं. तिनं त्यांच्या डब्यात वरून मीठ घालायला सुरुवात केली. तरी "मीठ कमी हाय." शेवटी एक दिवस ती इरेला पेटली आणि तिनं अशी काही आमटी केली की मार्थाबाई नुसती चाखूनच तांब्याभर पाणी प्यायल्या. अण्णांनी चाखली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आवंढा गिळून म्हणाले, "सुधारना हाय. पन कमीच."

मग एका सकाळी अण्णांनी डबा घेतला आणि उघडलाच नाही. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले, "चांगलीच आसंल भाजी."

मार्थाबाईंनी पिशव्या खाली ठेवल्या आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी विचारलं, पेशंटला होतंय काय? मार्थाबाई म्हणाल्या, "भाजी चांगली म्हणतायत."

डॉक्टर गावातलेच, अण्णांना ओळखणारे. लगेच आले. न्यूमोनिया निघाला.

अण्णा बरे झाले, पण मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. तिथून एकदा त्यांनी शकूमावशीला फोन केला. "इथं मीठ बरूबर असतंय," एवढंच म्हणाले. मावशीनं फोन ठेवला. त्या दिवशी ती कोणावरही ओरडली नाही, आणि आम्हाला सगळ्यांनाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

*

आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही ना काही घालायचं असतं, निदान चिमूटभर साखर तरी. त्यामुळे आम्ही डबे भरून नेत होतो आणि म्हातारी माणसं ते भरूनच परत करत होती. भुईमुगाच्या शेंगा, शेवग्याची शेंग, मेथीची जुडी, गुळाचा खडा. एका आजोबांनी बीपीच्या गोळ्यांची उरलेली पट्टी घातली. "तुमच्या मावशीला लागंल," म्हणाले. "लई वरडती म्हनं."

इथवर सगळं ठीक होतं. एक दिवस शकूमावशीनं डबा उघडला आणि आत अंडं.

माळकरी बाई ती. झाकण तिथंच टाकून जी उठली ती कार्यालयाच्या पायरीवर जाऊन बसली. निकम सर समजूत घालायला गेले. म्हणाले, "मावशी, अंडं बघू नका, देणाऱ्याची भावना बघा."

"भावना उकडल्याली हाय का कच्ची?" मावशीनं विचारलं.

कच्ची होती. ती मार्थाबाईंच्या पर्समधून गेली आणि घरी पोचायच्या आत फुटली.

दुसऱ्या दिवशी सरांनी नियम केला: डबा रिकामाच परत द्यावा. त्याखाली हात जोडलेलं चित्र घालून त्यांनी तो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. ज्यांच्यासाठी नियम होता त्यांच्यातल्या एकाकडेही व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं. मग आम्हीच दोघी दारोदार सांगत फिरलो. सगळ्यांनी माना डोलावल्या. काहींनी जरा नाराजीनं, पण ऐकलं.

ऐकलं नाही ते फक्त सगुणाआजीनं.

*

सगुणाआजी पाटाच्या कडेला एकटी राहते. अंगणात लिंबाचं झाड. रोज धुतलेल्या डब्यात एक पिवळंधमक लिंबू घालून द्यायची. मी नियम सांगितला तेव्हा तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "रिकामा डबा सुतकाच्या घरातनं जातो. इथं कोन मेलंय?"

मी डबा चाचपत उभी राहिले. तिलाच माझी कीव आली असावी, कारण मग तिनं तिच्या बहिणीची गोष्ट सांगितली. सख्खी धाकटी बहीण, गोदाक्का, पुणतांब्याला दिलेली. एका दिवाळीला सगुणाआजीनं करंज्यांचा डबा तिच्याकडे धाडला. डबा परत आला तो रिकामा. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

"सुतक हुतं का तिच्या घरात? न्हवतं. मग माझं भांडं रिकामं का धाडलं तिनं?"

"विसरली असेल, आजी. गडबडीत."

"आसंल. मग यावं आन् सांगावं तसं. धाकटी हाय. तिनं आधी यावं."

दुसऱ्या दिवशी डबा पुढे केला तर आजी म्हणाली, उपास हाय. तिसऱ्या दिवशीही उपास. त्याच्या पुढच्या दिवशीही. मी बापडी डबा परत घेऊन निघाले. मार्थाबाई मात्र स्कूटीवरून उतरल्या.

"आज कुठला उपास, आजी? एकादशी होऊन गेली, चतुर्थी लांब आहे. वार मंगळवार, आणि मंगळवार तुम्ही धरत नाही."

आजीनं त्यांना खालवर न्याहाळलं. "मास्तरीनबाई, तुमच्यात कुठं असतात उपास?"

"असतात की. आमच्यात चाळीस दिवसांचा असतो. पण तो असा मधेच उगवत नाही."

आजी हसली आणि त्या हसण्यातच हरली. खरी गोष्ट अशी की डबा घ्यायचा तर तो रिकामा परत द्यावा लागणार, आणि ते तिच्या हातून होणार नव्हतं. त्यापेक्षा बाई तीन दिवस कोरडी भाकरी खाऊन राहिली होती. आम्ही सरांना सांगितलं. सर म्हणाले, एकीला सूट दिली तर नियम कशाला? तेव्हा शकूमावशी म्हणाली, "लिंबू माज्या कामाचं हाय. यीऊ द्या." मावशीपुढे सरांचंही चालत नाही. तेवढ्या एका घराला सूट मिळाली. पण सरांच्या मनात ते खुपत राहिलं. अधूनमधून म्हणायचे, "सगळं गाव सुधारलं, एक घर काही सुधारत नाही."

*

कार्यालयात लग्न असलं की आमचं स्वयंपाकघर बंद. त्या दिवशी वधूपित्याच्या परवानगीनं लग्नातलंच जेवण डब्यांत भरायचं.

बाबूरावतात्यांनी डबा उघडला. जिलेबी, मसालेभात, मठ्ठा. "कुनाचं लगीन?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या ओळखीतलं नाही, तात्या. बाहेरगावची माणसं आहेत."

"पन जेवनार तर हायच न्हवं मी?" म्हणून ते आत गेले. पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले ते हातात कोरा टॉवेल आणि टोपी घेऊन. "नवरीच्या बापाला दे. म्हनावं, बाबूरावाचा आहेर."

आता हे नाकारायचं कसं? नेऊन दिलं. नवरीचा बाप फेटा सावरत बराच वेळ आठवत राहिला. मग बायकोला म्हणाला, "बाबूराव तुझ्या माहेरचे का गं?" ती म्हणाली, "माझ्या माहेरचे कशाला? तुमच्याच आत्याकडचे असतील." तेवढ्यावरून दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी मी खरं काय ते सांगितलं. भला माणूस. टोपी कपाळाला लावली आणि म्हणाला, "त्यांना सांगा, बोलवायचं राहून गेलं माझ्याकडून. माफी असावी."

मी परत जाऊन तात्यांना तसं सांगितलं. वाटलं, खूश होतील.

तात्या मठ्ठ्याचा पेला तोंडाला लावत म्हणाले, "चालायचंच. ऱ्हाऊन जातं. माझ्या नातवाच्या लग्नातबी ऱ्हाऊन गेल्तं."

*

आता शेळी.

हौसाकाकूंच्या गल्लीत हॉर्न वाजवला की आधी शेळी पळत यायची आणि मागून काकू. काही महिन्यांत शेळी चांगली गुटगुटीत झाली. काकू होत्या तशाच. मार्थाबाईंना संशय आला. एक दिवस आम्ही जरा लवकर गेलो आणि हॉर्न न वाजवता आत डोकावलो. गॅसवर कालवण रटरटतंय, टोपलीत भाकरी भाजून ठेवलेल्या.

"काकू, तुम्ही तर रांधताय."

"मग? उपाशी ऱ्हाऊ?"

"मग आमचा डबा कुठं जातो?"

काकूंनी शेळीकडे पाहिलं. शेळीनं आमच्याकडे पाहिलं. आमच्या उपक्रमात सगळ्यात धडधाकट कोण, ते आम्हाला तेव्हा कळलं.

सरांनी त्यांचा डबा बंद केला. गरज असेल त्यालाच द्यायचा, हे बरोबरच आहे. सर स्वतः सांगायला गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "मंग शेळीनं काय करायचं?" सर तसेच परत फिरले. ही गोष्ट गावात अजून फिरते, आणि सर समोर असले तर जास्तच रंगवून सांगतात.

आम्ही अजून त्या गल्लीतून जातो. शेळी अजून स्कूटीमागे धावते. तिच्यामागे काकू दारात येऊन उभ्या राहतात, पदराला हात पुसत. हात करतात. आम्हीही करतो. डबे गार होत असतात, थांबता येत नाही. थांबायला हवं होतं हे पुढच्या वळणावर दोघींनाही वाटतं, आणि दोघीही दुसरंच काहीतरी बोलायला लागतो. एका डब्यापायी आमचं तिथं थांबणंच बंद झालं, ही काही चांगली गोष्ट झाली नाही.

*

मार्थाबाईंचा भाचा एकदा गाडी घेऊन पुणतांब्याकडे निघाला होता. गाडी रिकामीच होती. आम्ही सगुणाआजीच्या मागे लागलो. चला, बहिणीला भेटून या, संध्याकाळी परत आणून सोडेल. आजी नको नको म्हणत होती, पण म्हणता म्हणता तिनं मुरत घातलेलं लिंबाचं लोणचं बाहेर काढलं. गोदाक्काला लहानपणापासून आवडायचं म्हणे. आईच्या बरणीतलं चोरून खायची आणि मार सगुणाला बसायचा.

त्या दिवशी आजी नवं लुगडं नेसून तयार. केस चापूनचोपून बसवलेले. लोणचं भरलं होतं तेही त्याच डब्यात, रिकामा परत आलेल्या. इतकी वर्षं तो तिनं फळीवर पालथा घालून ठेवला होता. गाडीत बसली. डबा मांडीवर घेतला. भाच्यानं गाडी सुरू केली.

"थांब," आजी म्हणाली. "तिनं बोलावलंय का मला?"

मार्थाबाई म्हणाल्या, "बोलावणं कशाला हवं? सख्ख्या बहिणी तुम्ही. जाऊन बसा, बोलणं आपोआप होईल."

आजीनं विचार केला. गाडी घरघरत होती. शेजारपाजारचे बघत होते. मग तिनं दार उघडलं, सावकाश खाली उतरली आणि म्हणाली, "न्हाई. धाकटी हाय. तिनं आधी यावं."

भाचा तसाच गेला. लोणचं आजीनं आमच्या हवाली केलं. त्या दिवशी ते सगळ्यांच्या डब्यांत गेलं. फार सुरेख मुरलं होतं. काशिनाथअण्णा असते तर म्हणाले असते, मीठ कमी.

गाडीत बसून, दारातली दारात राहून, पुणतांब्याला जाऊन आलेली आजी, म्हणून ही गोष्ट आम्ही किती जणींना सांगितली असेल. सांगणारी मीच असायचे. आजीची नक्कलही करायचे, दार उघडून उतरते ती. आता सांगवत नाही.

*

यंदाच्या थंडीतली गोष्ट. डबा द्यायला पाटाच्या कडेनं आलो. झाडाला लिंबं लगडली होती, खाली पिवळा सडा. आजीनं आजचा डबा घेतला आणि कालचा दिला. रोज डबा हातात आला की आत लिंबू घरंगळायचं. त्या दिवशी घरंगळलं नाही.

मी झाकण उघडून पाहिलं. लख्ख घासलेला, पुसून कोरडा केलेला, रिकामा.

"आजी, लिंबू?"

"ऱ्हाऊ दे आज," ती म्हणाली आणि दार लोटून आत गेली.

मार्थाबाईंनी माझ्या हातून डबा घेतला. उघडला, मिटला आणि पिशवीत न घालता हातातच धरला. 

निकम सर दारातच होते. त्यांनी डबा उघडून सगळ्यांना दाखवला. "बघा! सगुणाआजीसुद्धा! मी म्हणत होतो ना, वेळ लागतो, पण माणसं सुधारतात."

शकूमावशीनं डब्यात पाहिलं. मग आमच्या तोंडाकडे पाहिलं. हातातला डाव खाली ठेवला. 

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वांग्याची भाजी आणि पोळी होती. एक डबा मावशीनं वेगळा बांधला. त्यात पिठलं आणि भाकरी. ज्या घरात चूल पेटलेली नसते तिथं शेजारीपाजारी नेतात ते.

आजीनं डबा दारातच उघडला. आत पिठलं पाहिलं. मग उंबऱ्यावर बसली.

"परवा माती झाली," ती म्हणाली. "मला काल कळवलं."

मार्थाबाई तिच्या शेजारी बसल्या. मी स्कूटी बंद केली आणि पायरीवर बसले. बाकीचे डबे पिशवीत गार होत होते. आजीनं भाकरी मोडली, आम्हा दोघींच्या हातावर एकेक तुकडा ठेवला, आणि आपला तुकडा पिठल्याला लावून तसाच हातात धरून बसली.

"धाकटी हुती," ती म्हणाली. "तिनं आधी यावं, तिनं आधी यावं म्हनत बसले मी. आन् ती आधी गेली."

जेवण झाल्यावर डबा मार्थाबाईंनी नळाखाली विसळला. आम्ही तो रिकामाच घेऊन आलो.